जनूकाकांनी फुंकलेले अकरा कागद

माणूस हवा आत ओढतो असं सगळ्यांना वाटतं. डोंबल ओढतो! माणूस फक्त जागा करतो. फासळ्या वर उचलल्या जातात, छातीखालचा पडदा खाली सरकतो, आत जागा होते आणि हवा आपली आपण येते. गणपतीत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतला पलंग गॅलरीत काढला की पाहुणे कसे न बोलावता आत शिरायचे, तसं. बाहेर सोडतानाही निरोगी माणसाला काही करावं लागत नाही, ताणलेलं फुप्फुस आपल्या जागेवर परत येतं आणि हवा निघून जाते. कष्ट पडतात ते फुप्फुस कडक झालं की. ओलं फडकं आणि तेच फडकं उन्हात वाळून कडकडीत झालेलं, इतका फरक पडतो. मग पडदा कितीही खाली खेचा, जागाच होत नाही. हे सगळं मी एकोणिसाव्या वर्षी टेक्निशियनच्या कोर्सच्या पुस्तकात वाचलं आणि परीक्षेत सुंदर आकृती काढून लिहिलं. त्याच वेळी माझ्यापासून दोन हातांवर बसून बाबा पेज जेवायचे, आणि प्रत्येक घोटानंतर थांबायचे. मला वाटायचं, पेज गरम असेल.

आम्ही मुलुंडला राहायचो, कारखान्याच्या मागच्या चाळीत. कारखाना गारगोटी दळायचा. गारगोटी म्हणजे पांढरा दगड. त्याची मैद्यासारखी पूड करून काच आणि चिनी मातीवाल्यांना पाठवायची. बाबा चक्की खात्यात होते. चक्कीचा आवाज चाळीत दिवसभर यायचा, आणि ती बंद पडली तरच आम्ही माना वर करून बघायचो. संध्याकाळी बाबा घरी यायचे ते भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या करून. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि ते पाणी मोरीत ओतलं की मोरी पिठाच्या गिरणीसारखी दिसायची. पाळी सुटताना कंपनी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवायची. गुळाने धूळ घशातून खाली उतरते, पोटात जाते आणि सकाळी निघून जाते, असा सगळ्यांचा ठाम विश्वास होता. सुपरवायझरचा, कामगारांचा आणि आईचाही. बाबा स्वतःचा खडा न खाता माझ्यासाठी रुमालात बांधून आणायचे. मी तो चघळत अभ्यास करायचे. आज कोणी माझ्यासमोर गुळाचे गुण सांगायला लागलं ना, की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बारावीला मार्क कमी पडले, डॉक्टर व्हायचं राहिलं, म्हणून तो वर्षभराचा कोर्स केला आणि पाचरस्त्याजवळच्या एका डॉक्टरांकडे नोकरीला लागले. दवाखाना नावाला होता. डॉक्टरांचा खरा धंदा कारखान्यांतल्या कामगारांची वार्षिक तपासणी करण्याचा. वजन, उंची, डोळे, छातीला नळी लावून दोन ठिकाणी ऐकणं आणि शेवटी फुंकण्याची चाचणी. तिला कामगार 'फुंकणी' म्हणायचे. हिरवी लोखंडी पेटी, आत भाता, वर एक पेन. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची, छाती गच्च भरायची आणि एका दमात सगळं रिकामं करायचं. पेन आखलेल्या कागदावर वर चढत जायचं. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली, एकूण किती निघाली, सगळं त्या एका रेघेत. मी शेजारी उभी राहून ओरडायचे, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" माझा आवाज मुळातच खणखणीत. बाप्ये घाबरून फुंकायचे. चाचणी घेणारी म्हणून कागदाच्या खाली माझी सही असायची, तिच्याखाली डॉक्टरांची. विशीतल्या पोरीला स्वतःची सही अशी पन्नास कागदांवर दिसली की काय होतं ते विचारू नका.

दुसऱ्याच वर्षी आमच्या मागच्या कारखान्याचं काम डॉक्टरांना मिळालं. चाळीत बातमी आधी पोचली, मी नंतर. आदल्या वर्षी तिथे दुसरं कोणी चार-दोन जणांचीच तपासणी करून गेलं होतं आणि चक्की खात्यातला एक जण फुंकणीत नापास झाला होता. त्याला सांगितलं, तुला धुळीत ठेवता येणार नाही, हलकं काम देऊ. मग म्हणाले, हलकं काम शिल्लक नाही. माणूस घरी बसला. खोली कंपनीची, तीही गेली. त्यामुळे चाळीत फुंकणीचा धसका रोगापेक्षा मोठा होता. मी घरी आल्याआल्या आईने स्टोव्ह बंद केला आणि समोर येऊन बसली. आई आयुष्यभर मालवणीच बोलली, मुंबई तिच्या जिभेला कधी लागलीच नाही.

"मशीन तुझ्याच हातात आसा मा?" ती म्हणाली.

"असलं म्हणून काय? पेन काय मी हाताने फिरवते?"

"मगे बापाशीक नापास करतलंस काय गो?"

"बाबा पास होतील ना! त्यांना काय झालंय?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा पलंगावर होते, ते म्हणाले, "माका काय्येक होवक नाय." एवढं बोलून ते थांबले.

रविवारी दुपारी डॉक्टर नसताना मी बाबांना दवाखान्यात नेलं. मला खात्रीच करून घ्यायची होती. जिना सोळा पायऱ्यांचा. बाबा मध्ये थांबून भिंतीवरची जाहिरात वाचायला लागले. मी चिमटा लावला, नळी दिली, नेहमीसारखी ओरडले. बाबांनी डोळे मिटून, मान ताणून फुंकलं. पेन झपकन वर गेलं आणि लगेच आडवं पडलं. ही रेघ मला पुस्तकातून पाठ होती. नळ्या मोकळ्या आहेत, म्हणून सुरुवात जोरात होते. पण आत हवाच इतकी थोडी मावते की संपते. दीड लिटरसुद्धा नव्हतं. बाबांच्या उंचीच्या माणसाला त्याच्या दुपटीहून जास्त पाहिजे. परत दोनदा फुंकायला लावलं. तीच रेघ. बाबा घाम पुसत हसून म्हणाले, "झाला मा? सोप्या आसा." त्यांना वाटलं, पेन वर गेलं म्हणजे पास. मी हो म्हटलं आणि तो कागद फाडून, तुकडे करून, गटारात टाकला. बाबांच्या छातीचा तेवढा एकच खरा कागद होता. माझ्यासारखी दीडशहाणी मीच.

उपाय आईने काढला की मी, हे आमच्यात पुढे कितीतरी वर्षं भांडणाचं कारण होतं. ती म्हणायची तू, मी म्हणायचे तू. आता ती नाही, तेव्हा सांगून टाकते, उपाय माझा होता. आमच्या चाळीत जनूकाका नावाचे गृहस्थ होते. बाबांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, गावही शेजारचं, बाबांना 'वामनदादा' म्हणायचे. ते कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रकवर पोती चढवायच्या कामावर होते, म्हणजे उघड्या हवेत. गणपतीच्या आरतीला शंख तेच फुंकायचे, आणि त्यांचा दम किती टिकतो हे चाळीतली पोरं मोठ्याने आकडे मोजत बघायची. आरती राहायची बाजूला. मी सुपरवायझरला सांगितलं, लोकांना फुंकायचं कसं ते कळत नाही, दाखवायला एक धडधाकट माणूस दिवसभर खोलीत द्या. त्याने विचारलं कोण, मी म्हटलं तो फाटकावरचा जनू. तपासणी कारखान्यातच व्हायची, डॉक्टर पुढच्या केबिनमध्ये चहा पीत छात्या ऐकत. मागच्या प्रथमोपचाराच्या खोलीत मी, पेटी आणि जनूकाका. अकरा चक्कीवाल्यांपैकी कोणी आला की दार लावायचं, त्याचं नाव कागदावर लिहायचं आणि नळी जनूकाकांच्या तोंडात द्यायची.

इथे मी माझी हुशारी दाखवली. जनूकाकांनी सगळीकडे सारखंच फुंकलं असतं तर कागदांवर एकच रेघ अकरा वेळा उमटली असती आणि शेंबडं पोरही ते ओळखतं. म्हणून मी प्रत्येकाचं वय, उंची बघून कोष्टक काढलं आणि जनूकाकांना शिकवलं. हा बुटका आहे, छाती अर्धीच भर. हा विड्या ओढतो, शेवटी हळूहळू सोड, पेनाला रेंगाळू दे. हा जवान आहे, याच्यासाठी शंख फुंक. काका झकास शिकले. बाबांची पाळी आली तेव्हा बाबा चिमटा हातात धरून बाजूला उभे होते, लग्नात दुसऱ्याच्या पंगतीत चुकून बसलेल्या माणसासारखे. मी म्हटलं, "काका, पाऊण." काकांनी पाऊण फुंकलं. पेन सुरेख चढलं, सुरेख वळलं. मी खाली सही केली. बाबा जाताना जनूकाकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या दमार जगतंय रे." काका म्हणाले, "गप रवा हो वामनदादा." बाबा धरून अकरा जण मी असे पास केले. तीन वर्षं केले. चाळीतल्या बायका मला वाटेत थांबवून हातावर सुके बोंबील ठेवायच्या, पहिल्या वाफेची भाकरी द्यायच्या. मला अभिमान वाटायचा. हो, अभिमानच. आपण या अकरा घरांना पोसतोय असं वाटायचं आणि अकरा माणसं रोज परत त्या चक्कीसमोर पाठवतोय हे डोक्यातही यायचं नाही. फुंकणीचा कागद म्हणजे नोकरीचा कागद, एवढंच आम्हाला कळत होतं. तो माणसाला धुळीतून बाहेर काढण्यासाठी असतो, हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मी ते शिकले होते.

परवा आमच्या सोसायटीतल्या एका शेजारणीच्या नवऱ्याचं छातीचं ऑपरेशन झालं. इस्पितळाने तीन गोळ्यांचं, श्वास ओढून त्या वर उचलायच्या असतात ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, आणि ती मला बोलवायला आली, "तुम्ही यातल्या ना, जरा शिकवा." गेले. गृहस्थ एक गोळी कशीबशी उचलत होते आणि बायको टाळ्या वाजवत होती. मी तिला म्हटलं, टाळ्या बंद करा, आधी यांना नीट बसवा. ती दुखावली. पण कोणाच्या छातीचं खोटं कौतुक आता माझ्याने ऐकवत नाही, त्याला काय करणार?

चौथ्या वर्षीची तपासणी यायच्या आत बाबा चक्कीसमोर कोसळले. सरकारी इस्पितळात फोटो काढला, छाती पांढरी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फुंकायला लावलं, पेन उठलंच नाही म्हणा ना. त्यांनी सरळ लिहून दिलं की हा दगडाच्या धुळीचा रोग आहे, बऱ्याच वर्षांचा आहे, कंपनीने भरपाई द्यावी. बाबांचं बोलणं आता दोन-तीन शब्दांवर आलं होतं. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. आई त्यांना पेज भरवायची आणि भरवताना भिंतीकडे बघायची. अर्ज केला. कंपनीच्या वकिलाने उत्तरादाखल तीन कागद जोडले. तीन वर्षांच्या तीन सुरेख रेघा. मागच्या वर्षापर्यंत या कामगाराची छाती ठणठणीत होती, सबब हा रोग आमच्याकडचा नाही, आणि चाचणी घेणारी दस्तुरखुद्द त्याची मुलगी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरकारी कचेरीतून मला साक्षीला बोलावणं आलं.

आता त्या साक्षीबद्दल चाळीत काय सांगतात ते आधी सांगते. सांगतात की वामनदादाने मरता मरता पोरीला खोटं बोलायला लावलं, कारण खरं बोलली असती तर जनू आणि उरलेले दहा, सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. स्वतःची भरपाई सोडली, पण दुसऱ्यांच्या चुली विझू दिल्या नाहीत, देवमाणूस! बाबांच्या तेराव्याला हे भाषण तीन जणांनी केलं. पुढे दीडेक वर्षात कारखाना बंदच पडला, ते दहाही घरी बसले आणि त्यातले बरेचसे बाबांच्याच वाटेने गेले. जनूकाका गावाला निघून गेले. चक्की होती तिथे आता टॉवर आहे, खाली पोहण्याचा तलाव आहे. पण ही गोष्ट टिकली. चाळीतली माणसं कुठे लग्नात भेटली की अजून मला हात जोडतात, आणि मीही हात जोडते. चाळीसहून जास्त वर्षं जोडतेय. आता सत्तरीला आल्यावर लाज बाळगून कोणाचं भलं होणार आहे?

साक्षीच्या आदल्या दिवशी माझ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "तू काही वेडंवाकडं बोललीस तर मी म्हणेन मला माहीतच नव्हतं. खोलीत तू होतीस. सही तुझी. सरळ पोलीस केस होईल, कळलं?" मला कळलं. आणखी एक गोष्ट होती, जी घरी कोणालाच सांगितली नव्हती. मोठ्या सरकारी इस्पितळात, त्याच फुंकणीच्या विभागात, माझी निवड झाली होती. कायमची नोकरी. पत्र माझ्या पर्समध्ये होतं, रुजू व्हायला वीस दिवस होते. पोलीस केस झालेल्या मुलीला कोण रुजू करून घेतंय?

सकाळी निघायच्या वेळी जनूकाका बाबांना धरायला आले. आई बाबांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. बाबांनी तिचा हात बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं.

"बाये," ते म्हणाले. श्वास. "खरा काय ता..." श्वास. "सांग."

मी जनूकाकांकडे पाहिलं. काका चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभे होते. म्हणाले, "वामनदादानू माका इचारलानी. मी म्हटलंय, सांगू दे. ट्रक भरूक खयव जाईन." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण बोलले. आईने बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आयकलंस मा?" मी म्हटलं, "हो, सांगते." तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. आई उंबऱ्यापर्यंत आली आणि दह्याची कवडी बाबांच्या ऐवजी माझ्या हातावर ठेवली.

कचेरीतली खोली छोटी होती. टेबलामागे साहेब, उजवीकडे कंपनीचे वकील, डावीकडे आम्ही. जनूकाकांना बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना पाणी दिलं, पंखा वाढवायला सांगितला. मग तीन कागद माझ्यासमोर ठेवले.

"ताई, ही सही तुमची?"

"हो."

"तुमच्या वडिलांची अवस्था बघता या रेघांवर माझा विश्वास बसत नाही. चाचणीच्या दिवशी नक्की काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचंय. फुंकलं कोणी?"

बघा, दार त्याने उघडून ठेवलं होतं. मी नुसतं आत जायचं होतं. वकील फाईल चाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटा वैद्यकीय कागद तयार करणं हा गुन्हा आहे, हे साक्षीदाराला माहीत असेलच." पर्स माझ्या मांडीवर होती. मला जनूकाका आठवले नाहीत, ती दहा माणसं आठवली नाहीत, त्यांच्या चुली तर नाहीतच नाहीत. मला ते पर्समधलं पत्र दिसत होतं.

"यांनीच," मी म्हटलं. "बाबांनीच फुंकलं."

"नक्की?"

"मी समोर होते."

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, टेबलावरच्या त्या रेघांकडे बघत राहिले. साहेबाने विचारलं, "काका, तुम्हाला काही सांगायचंय?" बाबांनी छाती भरून घ्यायला सुरुवात केली. खांदे वर आले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला. आता सांगतील असं मला वाटलं, आणि देवाशप्पथ सांगते, त्यांना खोकला यावा अशी मी मनात प्रार्थना केली. खोकला आला नाही. त्यांनी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला आणि मान नाही अशी हलवली. साहेबाने पेनाचं टोपण उघडलं आणि अर्ज नामंजूर झाल्याचं लिहायला घेतलं. त्या नोकरीत मी चौतीस वर्षं काढली, आज खाते ते पेन्शन तिचंच आहे.

बाहेर आलो तेव्हा जनूकाका बाकड्यावरून उठले. त्यांनी आमची तोंडं पाहिली. मला म्हणाले, "सांगलंस गो?"

मी मान खाली घातली. काका गोंधळले. आधी त्यांचा चेहरा सैल झाला, मग त्या सैल होण्याचीच त्यांना लाज वाटली आणि ते रागाने माझ्याकडे वळले. "बापूस मरता तुझो, आणि तू... असा कित्याक केलंस?"

बाबांनी भिंतीला हात टेकला. दुसरा हात काकांच्या आणि माझ्या मधे आडवा धरला.

"मीच," ते म्हणाले. थांबले. छाती वर गेली, खाली आली. "सांगलंय." परत थांबले. या वेळी खूप वेळ. कॉरिडॉरमधून शिपाई चहाचे ग्लास घेऊन गेला. "तिका."

जनूकाकांनी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडायला लागले. मी दोन पावलांवर उभी होते. माझी छाती ठणठणीत होती, बोलायला भरपूर दम होता, आणि मी काही बोलले नाही.